बसत नाही

हडपसरच्या चार मजली हॉस्पिटलात
लिफ्ट आणि औषधांच्या दुकानामधल्या कोपऱ्यात
माझं टेबल आहे. मागे योजनेचा फलक,
फलकावर हसणारं कुटुंब, चौघांचे दात एकसारखे.
त्या हसण्याला पाठ करून
दिवसातून चाळीसदा मी सांगतो:
हे योजनेत बसत नाही.

ताप बसत नाही. खोकला बसत नाही.
डॉक्टरांना नुसतं दाखवणं बसत नाही,
रक्त तपासणं, महिन्याच्या गोळ्या, काही नाही.
भरती झालात, कॉट मिळाली, आजाराला कोड लागला
की बसतं. मग रुपया लागत नाही.
हेही खरंच सांगतो. वैदूवाडीतल्या एका रिक्षावाल्याचं
हृदय उघडून शिवलं इथे, बिल आलं शून्य;
त्याने ते बिल लॅमिनेट करून घेतलं.

शेवंताबाई कुचेकर संक्रांतीच्या आधी आल्या.
रामटेकडीहून, चालत.
दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं केशरी कार्ड,
पायाच्या बोटाला साडीची चिंधी.
"ट्यूबलाइट फुटलेली होती कचऱ्यात.
नुसतं दाखवायचंय. कार्ड चालंल ना?"

मी वाक्य म्हटलं.

डॉक्टरांचे दोनशे, साखर तपासायचे दीडशे,
ड्रेसिंग ऐंशी, आणि ते एक दिवसाआड.
त्यांनी मनात भागाकार केला.
"म्हंजी त्रेचाळीस किलो पुठ्ठा."
ससूनला जा, म्हणालो. फुकटात होईल.
"ससूनला गेलं की दिवस जातो.
दोन दिवस गेले की गल्ली जाते,
दुसरी बाई धरती."

पंधरा दिवसांनी परत आल्या. चिंधी बदललेली,
आत हळद. वास मला टेबलापलीकडून आला.
त्यांनी विचारलं, आता तरी बसतं का?
जणू जखमेचं वय भरायचं बाकी होतं.
नाही म्हणालो. त्या दिवशी माझ्याकडे
वरून आलेला फॉर्म होता, तातडीचा.

माझंही सांगतो. पगार पंधरा हजार,
ईएसआयचे कापले जातात एकशे तेरा.
लेकीला ताप आला की
शेजारच्या डॉक्टरांकडे तीनशे देऊन येतो,
कारण बिबवेवाडीला जायचं तर सुट्टी हवी,
आणि सुट्टी घेतली की पगार कापला जातो.
तेव्हा शेवंताबाईंचा भागाकार मला येत नव्हता
असं मी म्हणू शकत नाही.

तिसऱ्या वेळी भाच्याच्या टेम्पोतून आल्या.
स्ट्रेचरवर. पाय काळा.
साखर चारशेच्या वर.
मी आधार घेतलं, अंगठा घेतला, फोटो घेतला,
यादीत कोड शोधला. सापडला.
सहा तासांत मंजुरी आली.
मला आनंद झाला. तो आनंद
कुठे ठेवायचा, अजून कळत नाही.

जखम बसत नव्हती.
दोन बोटं बसली.

घरी जाताना त्या टेबलापाशी थांबल्या,
वॉकरवर वाकून मला म्हणाल्या,
"बघा साहेब, बसले शेवटी तुमच्यात."
चिडून नाही. खरंच आभार मानायला.
मी परतीच्या भाड्याचे शंभर मोजून दिले,
दहा दिवसांच्या गोळ्यांवर सही घेतली.
सही म्हणजे अंगठाच. तो शाबूत होता.

काल अकरावा दिवस.
दुपारी मशीन हँग झालेलं, रांग लिफ्टपर्यंत,
तेवढ्यात फरशीवर वॉकरचा आवाज आला.
मोकळी पाकिटं त्यांनी टेबलावर ओतली,
चांदीसारखी, चुरगळलेली.
भंगारात याला भाव नाही, हे त्यांनीच सांगितलं.

माझ्या टेबलासमोर कधीच खुर्ची नव्हती.
मी उठलो, माझी पुढे ढकलली.
बसा, म्हणालो.
त्या माझ्याकडे बघत उभ्याच राहिल्या,
हा शब्द मी कुठल्या अर्थाने वापरतोय
याचा अंदाज घेत.